मोजायचे कुठून?

पानात मीठ कुठे वाढतात? हा प्रश्न कोणत्याही मराठी घरात विचारून पाहा. सात वर्षांची मुलगीदेखील डोळे मिटून सांगेल, 'वर, मधोमध.' मिठाच्या डाव्या अंगाला लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे. उजव्या अंगाला भाज्या आणि आमटीची वाटी. आमच्या सोलापुरात डाव्या अंगाचा पहिला मान शेंगाच्या चटणीचा, एवढाच काय तो फरक. बाकी 'डावी बाजू' आणि 'उजवी बाजू' हे शब्द स्वयंपाकघरात असे रुळले आहेत, की 'आज डाव्या बाजूला काय?' असे विचारले तर पाहुण्यालाही उलगडा करून सांगावा लागत नाही.

मौज अशी, की या साऱ्या व्यवहारात खोलीचा उल्लेख कुठेच येत नाही. 'मोरीपासून सहा फूट आणि खिडकीपासून चार फूट' असे मिठाचे ठिकाण कोणी सांगितल्याचे मी तरी ऐकलेले नाही. मीठ मोजतात ते ताटापासून. ताट मोजतात पाटापासून, आणि पाट भिंतीपासून. दिवाळीच्या फराळाला ऐन वेळी दोन पाहुणे वाढले, की पाट जरा जरा सरकतात. पाटाबरोबर ताट सरकते, ताटाबरोबर मीठ. चटणी मात्र आपली डावीकडची डावीकडेच! वाढणारीने वाट्या भिंतीपासून मोजून मांडल्या असत्या, तर पाट हलताक्षणी आमटी शेजाऱ्याच्या पुढ्यात आणि लोणचे फरशीवर अशी गत झाली असती. आपल्या आज्यांनी भूमितीचे पुस्तक उघडले नसेल. पण वस्तूची जागा म्हणजे तिचे कोणाशी तरी असलेले नाते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आता तुम्ही म्हणाल, मराठीच्या बाईंनी दिवाळी अंकात वाढपाचे पाठ द्यायचे काय कारण? कारण आहे माझा भाचा. तो पुण्याला एका कंपनीत मोबाईल फोनवर दिसणारी पाने रचण्याचे काम करतो. सुट्टीत आला, की लॅपटॉप मांडीवर आणि चिवड्याची वाटी लॅपटॉपवर अशी त्याची बैठक असते. एकदा त्याच्या तोंडून 'पेरेंट', 'चाइल्ड', 'अ‍ॅन्सेस्टर' असे शब्द येऊ लागले, तेव्हा मला वाटले हा वंशावळ लिहितो आहे. मी तसे म्हटलेही. तो हसून म्हणाला, "मावशी, वंशावळच आहे. पण खोक्यांची."

मग त्याने मला जे सांगितले, ते मी माझ्या शब्दांत सांगते. पडद्यावरचे पान म्हणजे खोक्यांत खोके. पानाच्या मोठ्या खोक्यात अर्जाचा खोका, अर्जाच्या खोक्यात नावाचा रकाना, रकान्याच्या कोपऱ्यात एक तांबडी खूण. बाहेरचा तो पालक, आतला तो पाल्य. ही खोकी कशी मांडायची याचे नियम सीएसएस या नावाने १९९६ च्या डिसेंबरात पहिल्यांदा प्रसिद्ध झाले. आणि कोणती वस्तू कोणापासून किती अंतरावर ठेवायची, याचे नियम मे १९९८ मधल्या दुसऱ्या आवृत्तीत आले. आज आपण बँकेचा, विजेच्या बिलाचा, रेल्वेच्या तिकिटाचा जो जो पडदा चाळतो, त्यातल्या फार मोठ्या भागामागे हेच नियम आहेत.

नियम ऐकताना मला सारखी पंगत दिसत होती. काहीच सांगितले नाही, तर खोकी एकामागून एक आपापल्या जागी बसतात. पंगतीत माणसे बसतात तशी. दुसऱ्या रीतीचे नाव 'रिलेटिव्ह'. यात खोके आपल्या जागेवरून चार बोटे सरकते. पण त्याची मूळ जागा रिकामीच राखून ठेवतात. पंगतीतून हात धुवायला उठलेल्या माणसाच्या पाटावर दुसरे कोणी बसत नाही ना, तसे. तिसरी रीत 'अ‍ॅब्सोल्यूट', म्हणजे आपल्या भाषेत निरपेक्ष. यात खोके पंगतीतून उठून जाते, मागची माणसे सरकून ती जागा भरून काढतात, आणि ते खोके सांगितलेल्या ठिकाणी जाऊन बसते.

पण सांगितलेले ठिकाण मोजायचे कुठून? इथे मला खरी गंमत वाटली. हे निरपेक्ष म्हणवून घेणारे खोके आपल्या पालकाकडे जाते आणि विचारते, 'तुमच्यापासून मोजू का?' पालकाने आधी तशी कबुली दिलेली असेल, तर तिथून मोजते. दिलेली नसेल तर आजोबांकडे, मग पणजोबांकडे, असे वर वर चढत जाते. साऱ्या कुळात कोणीच 'माझ्यापासून मोज' म्हणाले नाही, तर शेवटी थेट पानाच्या कोपऱ्यापासून मोजून कुठेतरी लटकते. रकान्याच्या कोपऱ्यात शोभणारी खूण मग पानाच्या माथ्यावर जाऊन बसते. शिकाऊ मुलांचा अर्धा वेळ, भाचा म्हणाला, ही हरवलेली पोरे शोधण्यात जातो. आणि उपाय काय? पालकाच्या खोक्यावर एक शब्द लिहायचा, 'रिलेटिव्ह'. बस्स. पालक जागचा तसूभर हलत नाही. तो फक्त आधार व्हायला कबूल होतो.

भाषेची माणसे अशा ठिकाणी थबकतात. ज्याचे नाव निरपेक्ष, तो सर्वांत परावलंबी! आणि 'रिलेटिव्ह' या शब्दाचे इंग्रजीत दोन अर्थ. सापेक्ष आणि नातलग. ज्याने हा शब्द निवडला त्याच्या मनात दुसरा अर्थ असेल-नसेल. पण आधार व्हायला कबूल होणे हे नातलगाचेच लक्षण नव्हे का?

आमच्या गावातले पत्ते याच रीतीने चालतात. सोलापुरात रिक्षावाल्याला घराचा नंबर सांगून पाहा. तो तुमच्याकडे दयेने बघेल. 'मधल्या मारुतीवरून पुढे', 'सात रस्त्याच्या अलीकडे', 'बाळीवेशीतून आत' असे म्हटले, की रिक्षा निघालीच. शहराचा कोपरा धरून कोणी मोजत नाही. जवळचे, सर्वांना ठाऊक असलेले, आधार व्हायला तयार असलेले ठिकाण धरायचे. हा आधार कधी कधी देह सोडून गेल्यावरही कामास येतो. १८७७ साली सुरू झालेली आमची जुनी गिरणी बंद पडून कित्येक दशके लोटली. तिचा भोंगा ऐकलेली माणसेही आता विरळ होत चालली. पण 'जुनी मिल कंपाउंड' हा पत्ता अजून टपाल पोहोचवतो. पडद्यावरच्या खोक्यांना हे साधत नाही. तिथे पालकाला पानावरून काढला, की त्याच्या पोटातली पोरेही त्याच्याबरोबर जातात. माणसांची स्मरणशक्ती यंत्राच्या नियमात बसत नाही, हे एक बरे आहे.

पण माझा खरा जिव्हाळ्याचा विषय याच्याही पुढे आहे. भाच्याने खोक्यांची वंशावळ सांगितली तेव्हा मी त्याला म्हटले, "अरे, आमची देवनागरी दुसरे काय करते?" उकार घ्या. त्याला स्वतःची म्हणून जागा नाही. 'कु' लिहिताना तो अक्षराच्या पायाशी बसतो. 'रु' लिहिताना तोच उकार खाली न जाता कुशीत शिरतो. रफार घ्या. 'धर्म' मध्ये तो म च्या माथ्यावर. 'धर्मात' म्हणताच तो म ला सोडून पुढच्या कान्यावर जाऊन बसतो. 'सर्वांगीण' या शब्दात त्या एका कान्याच्या शेंड्यावर रफार आणि अनुस्वार असे दोघे दाटीवाटीने नांदतात. आणि पहिली वेलांटी तर सर्वांत खोडकर. 'कि' म्हणताना आधी क, मग इ. लिहिताना मात्र वेलांटी डावीकडे, अक्षराच्या आधी. बोलण्यात मागे आणि कागदावर पुढे!

यंत्रांना या खोडीचा फार जाच झाला. शिशाच्या खिळ्यांच्या काळात वरची मात्रा, मधले अक्षर आणि खालचा उकार असे थर वेगळे जुळवण्याची एक पद्धत होती. आणि मात्रेसकट अख्खे अक्षर एकाच खिळ्यावर ओतण्याची दुसरी, अखंड. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींचे सुबक टाइप त्या काळी नावाजले गेले ते या कसरतीमुळेच. पुढे १९५३ साली लखनौला लिपिसुधारणेसाठी परिषद भरली, तिने तर पहिली वेलांटी डावीकडून उचलून उजवीकडेच न्यायची असे ठरवले. ओळखू यावी म्हणून तिचा दांडा तेवढा आखूड करायचा. लोकांना ते रुचले नाही, आणि सुधारणा मागे पडली. घरातल्या सुनेने कुठे बसायचे हे परिषदेने ठरवावे, आणि घराने ते न ऐकावे, असाच तो प्रकार!

संगणकाने हा गुंता सोडवला तो जागा बदलून नव्हे, नाते लिहून ठेवून. १९९१ साली युनिकोड या जागतिक अक्षरसंचाची पहिली आवृत्ती निघाली, तिच्यात देवनागरी होती. तिथे 'कि' साठवताना आधी क आणि मग वेलांटी, म्हणजे उच्चाराचा क्रम. पडद्यावर काढताना वेलांटी डावीकडे नेणे हे अक्षरांच्या साच्याचे काम. १९९६ साली जाहीर झालेल्या ओपनटाइप या पद्धतीने त्यापुढचे पाऊल टाकले. अक्षराच्या अंगावर एक अदृश्य बिंदू ठरवून ठेवायचा, मात्रेच्या अंगावर दुसरा. दोन बिंदू जुळले, की मात्रा बरोबर बसली. अक्षर कुठेही न्या, मोठे करा, लहान करा. मात्रा त्याचे बोट सोडत नाही. विंडोजमधला 'मंगल' हा देवनागरी टंक घडवणारे र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे कवी आणि सुलेखनकार होते, हा योगायोग मला वाटत नाही. मात्रा अक्षराला कुठे बिलगते, हे आयुष्यभर लेखणी धरलेल्या हाताला अधिक कळणार.

आणि आधार मिळालाच नाही तर? फोनवर मराठी टंकताना तुम्ही ते पाहिले असेल. अक्षर न देता नुसतीच मात्रा उमटवली, की तिच्याजवळ ठिपक्याठिपक्यांचे एक पोकळ वर्तुळ उभे राहते. त्या वर्तुळाचा अर्थ इतकाच, की इथे एक अक्षर असायला हवे होते. मला ती खूण फार समजूतदार वाटते. जागा कोणाची चुकली ते ती सांगत नाही. कोण नाही ते सांगते.

इथपर्यंत सारे गमतीचे झाले. पण परवा भाच्यासमोर मी हा विषय मुद्दाम पुन्हा काढला, त्याला एक वेगळे कारण होते.

गेल्या वर्षी आमच्या वर्गातली एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन माझ्याकडे आली. अर्ज म्हणजे कागद नव्हे, फोन. अक्कलकोट तालुक्यातल्या एका खेड्यातून ती रोज एस्.टी.ने येते. फोन वडिलांचा; त्यांना अलीकडे बारीक दिसत नाही, म्हणून त्यांनी फोनमधली अक्षरे चांगली ठसठशीत मोठी करून घेतलेली. अर्ज भरायचा शेवटचा दिवस, दुपारचे चार वाजलेले. आणि मुलगी रडकुंडीला येऊन म्हणते, "मॅडम, मला हा फॉर्म भरताच येत नाही. माझंच काहीतरी चुकतंय."

मी फोन हाती घेतला. अक्षरे वाढली होती, पण ज्या रकान्यांत ती राहत होती ते रकाने तेवढेच होते. त्यांची उंची इंग्रजी अक्षराच्या मापाने ठरवलेली; तिथे ना मात्रेला माथा, ना उकाराला पाय. 'एकूण गुण' याचे खालून उकार छाटले जाऊन 'एकण गण' झाले होते. दुसऱ्या एका ओळीत माथ्यावरची मात्रा गेल्याने 'मोल' चे 'माल' झाले होते. आमच्या लिपीत एक रेघ कापली की एक अर्थ कापला जातो, हे त्या मापकऱ्याच्या गावीही नव्हते. जन्मतारखेची चूक दाखवणारी तांबडी ओळ तिच्या रकान्याखाली न येता खालच्या रकान्यावर येऊन बसली होती. म्हणून ही बिचारी खालचाच रकाना पुन्हा पुन्हा खोडून भरत होती. आणि सर्वांत शेवटी 'सादर करा' हे बटण. ते पानाच्या माथ्यापासून अमुक अंतरावर खिळा ठोकून बसवल्यासारखे होते. वरचा मजकूर वाढून खाली उतरला आणि बटणावर पसरला. बटण जागच्या जागी होते. फक्त त्याच्यापर्यंत बोट पोहोचत नव्हते.

मी तोच अर्ज माझ्या फोनवर, लहान अक्षरांत उघडला. सारे रकाने शिस्तीत, बटण शेवटी. दहा मिनिटांत अर्ज गेला. मुलगी हसत एस्.टी. गाठायला पळाली.

पण तिच्याच गावातली, तिच्याच वर्गातली दुसरी एक मुलगी त्या दिवशी कॉलेजात आलेली नव्हती. तिनेही घरच्या फोनवर तोच खटाटोप केला, बटण दाबले, काही झाले नाही, आणि दुसऱ्या दिवशी मुदत संपली. तिचे वर्षाचे पैसे गेले. तिने कोणाकडे तक्रार केली नाही, कारण तिच्याही मते चूक तिचीच होती.

हे मला फार लागले. पंगतीत आमटी शेजाऱ्याच्या पुढ्यात गेली, तर आपण वाढणाऱ्याला हसतो. जेवणाऱ्याला कोणी दोष देत नाही. पडद्यावर मात्र वाढणारा दिसत नाही, म्हणून जेवणारा स्वतःलाच अडाणी समजतो. आणि असा समज एकदा झाला, की ते मूल पुढचा अर्ज उघडायलाच बिचकते.

मी भाच्याला विचारले, "हे नीट करायला किती दिवस लागतात रे?" तो म्हणाला, "दिवस कसले, मावशी? असल्या साध्या अर्जाला एक दुपार पुरे." रकान्याची उंची आकड्यात सांगायची नाही, 'आतल्या अक्षरांना पुरेल एवढा वाढ' असे सांगायचे. तांबडी ओळ रकान्याच्याच पोटात ठेवायची, म्हणजे रकाना जाईल तिकडे ती जाईल. आणि बटणाला 'पानाच्या माथ्यापासून इतके खाली' असे न सांगता 'शेवटच्या रकान्याच्या खाली' एवढेच सांगायचे. वर कितीही मजकूर वाढो, बटण आपले शेवटी. थोडक्यात काय, भिंतीपासून मोजणे सोडायचे आणि ताटापासून मोजायचे.

नियम नाहीत असेही नाही. अक्षरे दुपटीपर्यंत मोठी केली तरी पानातला मजकूर आणि कामकाज काहीही बिघडता कामा नये, असे जागतिक वेब संघटनेच्या २००८ च्या मार्गदर्शक नियमांत स्पष्ट लिहिलेले आहे. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे अधू दृष्टीची माणसे होती. आमच्या विद्यार्थिनीची दृष्टी उत्तम आहे. अधू होती ती तिच्या वडिलांची, आणि घरात फोन एक होता. अशी घरे आपल्याकडे किती असतील याचा हिशेब करायला आकडेशास्त्र नको. आपापल्या गल्लीतून एक फेरी पुरे.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरातही कोणी मुलगा वा सून असली कामे करीत असेल. दिवाळीला ती मंडळी घरी आली, की चकलीबरोबर एवढे सांगा. अर्ज रचून झाला, की फोनमधली अक्षरे दुप्पट करा, भाषा मराठी ठेवा, आणि तो अर्ज एकदा स्वतः शेवटपर्यंत भरा. 'सादर करा' पर्यंत बोट पोहोचले, तरच काम झाले म्हणा.

यंदाही ते अर्ज लवकरच सुरू होतील. या वेळी मुदतीची वाट पाहायची नाही, असे त्या दोघींचे आणि माझे ठरले आहे. पहिल्याच दिवशी वडिलांचा तो मोठ्या अक्षरांचा फोन घेऊन त्या येणार आहेत, आणि बटण कुठे आहे ते आम्ही तिघी मिळून पाहणार आहोत.